डॉ. नोशिर वाडियांचा एच-इंडेक्स किती? पेपर, सायटेशन्स आणि न्यूरॉलॉजी

कार्डकॅटलॉग (धागाकर्ती)

मी एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. अप्रेझलचे दिवस आले की आमच्याकडे डॉक्टरांची रांग लागते, मॅडम माझा एच-इंडेक्स काढून द्या, मॅडम स्कोपसमध्ये (पेपरांचा डेटाबेस) माझे पेपर दिसतच नाहीयेत, मॅडम ती टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी असते त्यात नाव कसं घालतात. (कोणी घालत नाही हो, ते लोक स्कोपसचा डेटा घेऊन स्वतःच काढतात, पण हे पटवून देईपर्यंत माझी दुपार जाते.) तर त्यातल्याच एका न्यूरॉलॉजीच्या सरांनी जाता जाता विचारलं, की वाडियांचा एच-इंडेक्स आज काढला तर किती येईल? मी शोधायला बसले आणि त्यात गुंतलेच, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डॉ. नोशिर वाडिया, जन्म १९२५, सुरतचा. शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, मग लंडनला रसेल ब्रेन यांच्या हाताखाली न्यूरॉलॉजी, आणि १९५७ ला परत येऊन जेजे हॉस्पिटलमध्ये न्यूरॉलॉजीचा विभाग उभा केला. नंतर जसलोक. २०१२ ला पद्मभूषण, २०१६ ला वयाच्या ९१व्या वर्षी गेले.

आता त्यांचे पेपर. १९६७ ला 'ब्रेन' जर्नलमध्ये एकट्याच्या नावावर, मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा जन्मतःच सरकलेला असला की मज्जारज्जूवर काय होतं याबद्दल, २८ पेशंट. १९७१ ला परत 'ब्रेन', सोबत आर. के. स्वामी, एक नवाच आनुवंशिक अटॅक्सिया (शरीराचा तोल आणि हालचाली बिघडवणारा आजार), नऊ कुटुंबं, आणि त्यात डोळ्यांच्या हालचाली संथ झालेल्या. १९७२ आणि ७३ ला 'लॅन्सेट', डोळे येण्याच्या साथीनंतर होणारा लकवा. आणि मग १९९८ ला पुन्हा 'ब्रेन', तोच अटॅक्सिया, पण आता जीन टेस्टसकट. १९७१ ला ४६ वर्षांचे होते, १९९८ ला ७३! मधली २७ वर्षं हा माणूस एका आजाराचा पिच्छा सोडत नाही.

आणि माझी गोची काय झाली, तर ७१ च्या पेपरवर नाव 'वाडिया एन एच' आहे आणि ९८ च्या पेपरवर नुसतं 'वाडिया एन'. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं होऊ शकतात. ओआरसीआयडी नावाची भानगड (प्रत्येक संशोधकाला त्याचा एकच नंबर) २०१२ ला आली, तोवर यांचं काम करून झालं होतं. शिवाय कुठल्या डेटाबेसमध्ये बघता त्यावर आकडा बदलतो तो वेगळाच. तर प्रश्न असा की अशा माणसाचं काम मोजायचं कसं? की मोजूच नये?

मिरजमळा

वाचतोय. एच-इंडेक्स म्हणजे काय ते आधी कोणीतरी सांगा राव, आम्ही वाणिज्य शाखावाले.

आकडेमोड

@मिरजमळा, सोपं आहे. तुमचे पेपर सायटेशन्सच्या, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी दिलेल्या हवाल्यांच्या, उतरत्या क्रमाने लावा. १० पेपर असे की प्रत्येकाला निदान १० जणांनी हवाला दिलाय, पण ११ पेपर असे नाहीत की प्रत्येकाला ११, तर एच-इंडेक्स १०. होर्हे हिर्श नावाच्या फिजिसिस्टने २००५ ला काढला. फायदा हा की एखादाच पेपर तुफान चालला म्हणून आकडा फुगत नाही आणि नुसते ढीगभर फालतू पेपर छापूनही फुगत नाही.

धागाकर्तीला: मोजूच नये हे मला साफ अमान्य. आकडे नसतील तर मग उरतं काय, वशिला. अमुक सरांचा विद्यार्थी, तमुक कॉलेजचा, ओळखीचा. आकडा निदान सगळ्यांना सारखाच वाईट वागवतो.

कार्डकॅटलॉग

सारखाच कुठे वागवतो? समजा एखाद्याचे आयुष्यभरात चारच पेपर, पण चारही हजार-हजार वेळा साइट झालेले. एच-इंडेक्स चार. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा त्याहून जास्त असू शकतो, मोठ्या ग्रुपमध्ये पंधरावं नाव लागत असेल तर.

हातोडी

न्यूरोची रेसिडेंट आहे, ड्यूटीवरून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

त्या ७१ च्या पेपरबद्दल बोलते कारण लोकांना त्यातली गंमत कळत नाहीये असं वाटतं. आपण वाचताना ओळ संपली की डोळा टणकन पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातो, त्या उडीला सॅकेड म्हणतात. सेकंदाला काहीशे अंश एवढा वेग असतो, आपल्याला कळतही नाही. पेशंटसमोर दोन बोटं धरायची, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि म्हणायचं आता इकडे बघा, आता तिकडे. नॉर्मल माणसाचा डोळा उडी मारतो. या पेशंटचा डोळा गोगलगायीसारखा सरकत जातो. बास, एवढंच. ना मशीन ना रिपोर्ट. चालताना तोल जातोय, बोलणं अडखळतंय, हातोडी मारली तर रिफ्लेक्स मंद किंवा गायब, आणि डोळे असे संथ, की डोक्यात पहिलं नाव येतं एससीए२, म्हणजे वाडियांच्या त्याच अटॅक्सियाचं आजचं नाव. आम्हाला पहिल्या वर्षीच हे शिकवतात.

आणि हे कधी बघितलं तर १९७१ च्या आधी. जगातला पहिला पेशंटवरचा सीटी स्कॅन झाला ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये, एमआरआय तर लांबच. अटॅक्सियाचे पेशंट तेव्हा सगळे एका गाठोड्यात टाकले जायचे. त्यातून 'हे नऊ कुटुंबांचे लोक वेगळे आहेत, यांचे डोळे बघा' म्हणून बाजूला काढणं आणि ब्रेनस्टेममधला (मेंदूच्या देठातला) डोळे फिरवणारा भाग यात जातोय असं सांगणं, हे नजरेचं काम आहे. याचा एच-इंडेक्स काढा आता.

आकडेमोड

काढता येतोच की, त्या पेपरच्या सायटेशन्स मोजा. नजर चांगली होती तर लोकांनी हवाला दिलाच असणार.

हातोडी

दिलाय, आणि अजून देतात. पण निम्मी कहाणी तिथे दिसत नाही. १९९६ ला तीन वेगवेगळ्या ग्रुप्सनी हा जीन शोधला, क्रोमोसोम १२ वर, तिन्ही पेपर 'नेचर जेनेटिक्स'मध्ये. डीएनएमधली सीएजी ही तीन अक्षरं या जीनमध्ये नॉर्मल माणसात साधारण २२ वेळा येतात, ती ३३ च्या पुढे गेली की आजार. तिथून आजाराचं नाव 'एससीए२' पक्कं झालं आणि जीनवर काम करणारा माणूस साहजिकच ९६ चे पेपर साइट करतो. वॉर्डात बोटं हलवून डोळे बघणारा माणूस कोणालाच साइट करत नाही. मी रोज करते ते, कधी वाडिया १९७१ असं केसपेपरवर लिहिलंय का? पाठ्यपुस्तकात गेलेली गोष्ट हवाल्यातून गायब होते.

कार्डकॅटलॉग

याला नावही आहे, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने मांडलंय. काम इतकं अंगवळणी पडतं की मूळ माणसाचा उल्लेख गळून जातो. आइनस्टाइनचं सूत्र वापरताना कोण १९०५ चा संदर्भ देतं.

बोरीबंदर

१९७१ ची ती डोळ्यांची साथ मला चांगली आठवते, शाळेत होतो. अख्ख्या मुंबईचे डोळे लाल. कलकत्त्यात तर बांगलादेशचे निर्वासित येत होते त्याच वर्षी, तिथे या डोळ्यांना 'जय बांगला' म्हणायचे. आणि आफ्रिकेत, घानामध्ये जिथे ती १९६९ ला सुरू झाली, तिथे अपोलो ११ म्हणायचे, कारण त्याच सुमाराला माणूस चंद्रावर उतरला होता. पण लकवा? हे प्रथमच ऐकतोय.

हातोडी

हो काका, बहुतेकांचं आठवड्याभरात बरं व्हायचं. पण थोड्या लोकांना, मोठ्या माणसांना, डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पाठीत-पायात दुखायला लागायचं आणि पाय लुळे पडायचे, पोलिओसारखे. लहान मुलांचा आजार मोठ्यांना कसा? वाडिया आणि त्यांच्याबरोबरचे इराणी, कात्रक यांनी हे जोडलं की या सगळ्यांना मागे डोळे येऊन गेलेत. व्हायरस जपानमध्ये वेगळा काढला गेला, एन्टेरोव्हायरस ७०. मग १९८१ ला मुंबईत परत साथ आली तेव्हा त्यांनी रक्तातल्या अँटिबॉडी तपासून परत पेपर लिहिला, तो १९८३ ला आला.

मला यात भारी वाटतं ते एवढंच की डोळ्याचा डॉक्टर डोळे बघून मोकळा, पेशंट बरा झाला. पाय लुळा पडल्यावर तो जातो दुसऱ्याच ओपीडीत. दोन्ही टोकं जुळवायची तर कोणीतरी पेशंटला विचारायला पाहिजे ना, की बाबा गेल्या महिन्यात काय झालं होतं. हिस्टरी घ्या हिस्टरी घ्या म्हणून आमचे सर ओरडतात ते याचसाठी.

फाटकातून

अवांतर: ब्रेन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टच्या हाताखाली शिकून 'ब्रेन' नावाच्या जर्नलमध्ये पेपर छापणे, हे खरं आहे की धागाकर्तीने रचलंय?

कार्डकॅटलॉग

शंभर टक्के खरं. जर्नल १८७८ पासूनचं, आणि रसेल ब्रेन स्वतः त्याचे संपादकही होते, १९६६ ला वारले तोपर्यंत. कोणी म्हणेल गुरूच संपादक मग काय, म्हणून आधीच सांगते, ६७ आणि ७१ चे दोन्ही पेपर त्यानंतरचे आहेत.

विभागप्रमुख_नाही

मी मेडिकल टीचर. आमच्याकडचं वास्तव सांगतो. २०१५ ला एमसीआयने (तेव्हाची मेडिकल कौन्सिल) प्रमोशनसाठी जे नियम आणले त्यात फक्त ओरिजिनल रिसर्च धरला, केस रिपोर्ट (एकेका पेशंटची हकिकत) बाद. पहिलं किंवा दुसरं नाव हवं. पुढे नियम थोडे सैल झाले, पण परिणाम काय झाला ते सांगतो, ज्याला रिसर्चमध्ये काडीचा रस नाही असा उत्तम सर्जन, उत्तम शिक्षक, तोही पेपर पाडायला लागला. कुठेही छापून द्या, पैसे घ्या. आपल्या हैदराबादेतल्या एका प्रकाशकाला अमेरिकेच्या कोर्टाने २०१९ ला पाच कोटी डॉलरचा दंड ठोकला, फसव्या जर्नल्सबद्दल, त्याचं गिऱ्हाईक कोण होतं हो? आपणच.

आणि केस रिपोर्ट बाद हे तर न्यूरॉलॉजीत हास्यास्पद आहे. पार्किन्सनने १८१७ ला जो निबंध लिहिला त्यात सहा पेशंट आहेत, त्यातले काही तर त्याला नुसते रस्त्यात दिसलेले. आजच्या समितीसमोर ठेवला तर सॅम्पल साइझ विचारतील. एथिक्स कमिटीचं पत्रही मागतील.

आकडेमोड

तुम्ही सगळे एकच चूक करताय. शंभर लोकांनी रस्त्यात माणसं बघून निबंध लिहिले, त्यातला एक पार्किन्सन निघाला. उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय? वाडिया मोठे होते हे आपल्याला आज माहीत आहे म्हणून आपण म्हणतोय आकडे कमी पडतात. १९७२ ला निवड समितीत बसून, समोर दहा उमेदवार, सगळेच म्हणतात माझी नजर चांगली आहे. काय करणार? मागे वळून सगळंच सोपं दिसतं.

विभागप्रमुख_नाही

पेपर वाचणार! समितीतल्या माणसाने उमेदवाराचे दोन-तीन पेपर वाचायचे. एवढं तरी करा. ते होत नाही म्हणून तर आकडा लागतो.

आकडेमोड

हे मान्य. पण पाचशे अर्ज असले की कोण वाचतो.

मिरजमळा

इम्पॅक्ट फॅक्टर पण सांगून टाका, 'ब्रेन'चा ७१ ला किती होता?

कार्डकॅटलॉग

७१ ला कोणाचाच नव्हता. युजिन गारफिल्ड यांनी सायटेशन इंडेक्स १९६४ ला काढला, पण जर्नलवार रिपोर्ट यायला लागले १९७५ पासून. आणि तो असता तरी या पेपरला न्याय देऊ शकला नसता, कारण त्यात फक्त मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा किती हवाले मिळाले तेवढंच धरतात. ७१ चा पेपर ९६ ला जीन सापडल्यावर परत वर आला, तर त्याचा फायदा जर्नलच्या आकड्याला शून्य.

सॅनहोजेकर

इथे बायोटेकमध्ये आहे, थोडं पुढचं सांगतो. हा एससीए२ चा जीन, त्यातून होणारं प्रोटीन अटॅक्सिन-२, ते २०१० ला भलतीकडेच निघालं. 'नेचर'मध्ये पेपर आला की सीएजी २७ ते ३३ अशी मधली संख्या असेल तर अटॅक्सिया होत नाही पण एएलएसचा धोका वाढतो, म्हणजे स्नायू हळूहळू लुळे पाडणारा, स्टीफन हॉकिंगला होता तो आजार. मग २०१७ ला उंदरांमध्ये अटॅक्सिन-२ कमी करणारं औषध देऊन चांगले रिझल्ट आले, दोन पेपर 'नेचर'मध्येच, सगळे जाम खूश. माणसांवर एएलएससाठी ट्रायल झाली आणि २०२४ ला फायदा दिसला नाही म्हणून बंद केली. असो, असं चालतंच. मुद्दा एवढाच, की या सगळ्या पेपरांच्या सायटेशन्स हजारांत आहेत आणि बंद पडलेल्या ट्रायलचा पेपर कोणी साइट करणार नाही, पण पेशंटच्या दृष्टीने तीच माहिती सगळ्यात महाग मिळवलेली आहे.

आणि आकडेमोड साहेब, सायटेशन्सचं इतकं कौतुक असेल तर मिनेसोटाचा २००६ चा पेपर बघा. अल्झायमरमध्ये अमायलॉइडचा (मेंदूत साचणारं प्रोटीन) एक ठराविक प्रकार उंदरांची स्मृती घालवतो म्हणून 'नेचर'मध्ये आला. २०२२ ला 'सायन्स'ने तपास छापला की चित्रांमध्ये फेरफार दिसतोय, तोवर त्याला २३०० च्या आसपास हवाले मिळून गेले होते. २०२४ ला पेपर मागे घेतला. त्या २३०० चं काय करायचं आता? कोणाच्या एच-इंडेक्समधून वजा करणार?

आकडेमोड

करायलाच पाहिजेत वजा. हिशेबात घोटाळा सापडला तर ऑडिट कडक करतात, हिशेब ठेवणं बंद करत नाहीत. आणि तो घोटाळा पकडला कोणी, चित्रं एकावर एक ठेवून बारकाईने तपासणाऱ्यांनीच ना.

शेवंती

मला एक वेगळंच खटकतंय. इतके प्रतिसाद झाले, सगळे वाडिया वाडिया म्हणताय. त्या पेपरवर स्वामी पण आहेत. आजाराला काही जण वाडिया-स्वामी सिंड्रोम म्हणतात तेवढंच. एच-इंडेक्समध्ये दोघांना सारखाच एक पेपर मिळतो, म्हणजे निदान आकड्याने तरी स्वामींना पूर्ण हिस्सा दिला, माणसांच्या आठवणीने नाही दिला. हा मुद्दा आकडेमोड यांच्या बाजूने जातो, मी त्यांच्या बाजूची नाही तरीही.

आकडेमोड

+१००. फ्रेम करून लावतो.

कार्डकॅटलॉग

शेवंती, बिनतोड. ९८ च्या पेपरवर तर सहा नावं आहेत, त्यात जेनेटिक्सवाले पण आले. सहा कुटुंबांचा अभ्यास, आणि शीर्षकातच लिहिलंय की निदानात संथ सॅकेड्सचं महत्त्व. म्हणजे जीन टेस्ट हातात आल्यावरही हे म्हणतायत की आधी डोळे बघा. मला तो हट्ट फार आवडला.

नाव_सांगत_नाही

आयडी नवीन काढलाय, कारण कळेलच. आमच्या घरात एससीए२ आहे. वडिलांना होता. ते चालताना झोकांड्या जायचे तर लोकांना वाटायचं पितात, त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. बऱ्याच ठिकाणी दाखवलं, व्हिटॅमिनपासून मणक्यापर्यंत सगळं झालं. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी हातोडी यांनी लिहिलंय तेच केलं, बोटं धरली, इकडे बघा तिकडे बघा, आणि लगेच आईला विचारलं यांच्या वडिलांना, भावाबहिणींना कोणाला असं होतं का. काकांना होतं. टेस्ट नंतर झाली, ती फक्त शिक्कामोर्तब. ते बोटांचं कोणी शोधून काढलं हे मला आज या धाग्यामुळे कळलं. मोजायचं कसं यावर माझं काही म्हणणं नाही, तुमचं चालू द्या.

एक विचारायचंय. माझी चुलतबहीण २४ ची आहे, काहीही त्रास नाही, तिला टेस्ट करून घ्यायची आहे, लग्नाचं बघतायत. आणि भावाचा मुलगा १२ चा, त्याचीही करून टाकू म्हणतायत घरचे. करावी का?

हातोडी

@नाव_सांगत_नाही, फोरमवर कोणाच्या टेस्टचा निर्णय देता येत नाही, पण सर्वसाधारण पद्धत सांगते. बहिणीचे वडील ते आजार असलेले काका असतील तर तिला तो असण्याची शक्यता निम्मी. त्रास नसलेल्या माणसाची टेस्ट आधी जेनेटिक काउन्सिलिंग झाल्याशिवाय करत नाहीत, कारण रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आज आजार थांबवणारं औषध नाही, आणि एकदा कळलं की ते न कळल्यासारखं करता येत नाही. कळून घ्यायचं की नाही हे तिने ठरवायचं, लग्न जमवणाऱ्यांनी नाही. आणि १२ वर्षांच्या मुलाला लक्षणं नसतील तर साधारणपणे करत नाहीत, तो १८ चा झाला की त्याचं तो ठरवेल. लक्षणं असतील तर मात्र गोष्ट वेगळी, या आजारात पुढच्या पिढीत वय अलीकडे सरकू शकतं, तेव्हा एकदा न्यूरॉलॉजिस्टला नुसतं दाखवून घ्या.

मुंबई-पुण्यात मोठ्या हॉस्पिटलांत काउन्सिलर असतात. तुम्ही कुठे राहता ते इथे लिहू नका, व्यनि (खाजगी निरोप) करा.

नाव_सांगत_नाही

केलाय. थँक्यू.

आकडेमोड

@कार्डकॅटलॉग, तो ९८ चा पेपर मिळेल का हो? वाचतो म्हणतो.

कार्डकॅटलॉग

पाठवते. शोधायला लागलात तर 'वाडिया एन' टाका, 'एन एच' टाकलंत तर सापडणार नाही.